गाडीचं दावं

कॅनडातल्या विनिपेगमधल्या माझ्या पहिल्या ऑक्टोबरात रस्त्यावरच्या कित्येक गाड्यांच्या तोंडातून प्लगची वायर लोंबताना दिसली. म्हटलं, अरे वा, इथं इतक्या इलेक्ट्रिक गाड्या! ऑफिसातला सहकारी पोट धरून हसला.

ती वायर ब्लॉक हीटरची. इंजिनातलं कूलंट कोमट ठेवणारा, साधारण ४०० वॅटचा हीटर. पारा उणे २०च्या खाली जाणार असला की रात्री गाडी बाहेरच्या सॉकेटला जोडायची, गोठ्यात बैल बांधावा तशी. नाही बांधली तर सकाळी ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं आणि बॅटरी नेमकी तेव्हाच अर्धमेली. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. (बातम्यांतलं ‘वाऱ्यामुळे उणे ४५ वाटेल’ हे मात्र माणसांसाठी. वाऱ्याने गाडी लवकर गार होते, पण हवेपेक्षा गार होत नाही.)

सुरू झाली तरी पहिली काही मिनिटं बैलगाडीचाच थाट. रात्रभर एका जागी उभं राहून टायर खालून चपटे होतात आणि धडधडतात. हवाही उतरते, दर ५-६ अंशांमागे साधारण १ पीएसआय. खरी भीती चौकांची. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या धुरातली वाफ रस्त्यावर गोठते आणि तो पातळ बर्फ डोळ्यांना दिसतच नाही. उणे १८च्या आसपास बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही, मग वाळू टाकतात. ब्रेक बराच अलीकडे, हलक्या पायाने दाबायचा हे मला एकदा गाडी गर्रकन गोल फिरल्यावर कळलं.

ब्रँडन शहराला निघालो तेव्हा शेजारच्या आजोबांनी डिकी उघडायला लावली. फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेट, पत्र्याचा डबा, मेणबत्ती, काडेपेटी असं सगळं स्वतः भरलं. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही म्हणाले. बर्फात अडकलास तर गाडी सोडून चालायला लागू नकोस. उबेसाठी तासातून दहा मिनिटं इंजिन चालव, पण त्याआधी दर वेळी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं कर. ते बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना रंग ना वास, माणसाला झोप लागते ती लागतेच. म्हणून वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणारे आजोबा हे दोनदा बोलले.

त्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. जानेवारीत एका सकाळी घाईघाईत गाडी काढली आणि मागून काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. दावं तोडून निघालेल्या वासरासारखी माझी गाडी अर्धी वायर ओढत चालली होती. आता वायर जोडताना तिचा एक वेढा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला देतो.