चार चाकं फिरतात हो, पण तिसरी पिन कुठंय?

इलेक्ट्रिक फोर-व्हील-ड्राइव्ह घेतल्यापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला एकच प्रश्न विचारला जातो: "ताई, चिखलात चालते का हो?" भोसरीत आमचा कंट्रोल पॅनेल बनवायचा छोटा कारखाना आहे. भरलेला कन्व्हेयर जागेवरून हलवणारी मोटर मी रोज बघते, त्यामुळे या प्रश्नाचं मला जरा हसूच येतं. चालते. चढतेही. शून्य आरपीएमला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मिळतो म्हटल्यावर चढणार नाही तर काय. माझी काळजी वेगळीच असते, पण ती सांगायला लागलं की लोकांना घरी जायची घाई होते. म्हणून इथे लिहितेय.

आमची टाटाची हॅरिअर ईव्ही, आपल्या पिंपरीतच बनलेली. पुढच्या एक्सलला ११६ किलोवॅटची मोटर, मागच्याला १७५ ची, आणि मधे दोन्ही एक्सल जोडणारा प्रोपेलर शाफ्ट वगैरे काही नाही. पुढे किती, मागे किती हे कंट्रोलर ठरवतो, आणि ते कुठल्याही यांत्रिक जोडणीपेक्षा झटपट ठरवतो. पण डावं-उजवं ही गोष्ट वेगळी. पावसाळ्यात पाबे घाटातून वेल्हे, पासली करत केळदला जातो तेव्हा डांबर संपल्यावर एक वळण लागतं. ट्रॅक्टरने तिथे खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एकदम उचललं की मोकळं चाक गरगरतं, मग ब्रेक ते चाक पकडतो, खालून कर्रकट्-कर्रकट् असा आवाज येतो आणि सेकंदभर थांबून गाडी पुढे सरकते. त्या सेकंदात ॲक्सिलरेटर सोडायचा नाही आणि जोरातही दाबायचा नाही. आमच्या ग्रुपमधल्या विनयच्या गुरखाला, म्हणजे फोर्सच्या डिझेल फोर-बाय-फोरला, दोन्ही एक्सलना लॉकर आहेत, डावं-उजवं चाक एकत्र बांधून फिरवणारे. तो लॉक टाकतो आणि गप्पा मारत पार होतो. तिथे गुरखाच सरस, यात मला कमीपणा वाटत नाही. चार चाकांना चार मोटरवाली इलेक्ट्रिक मर्सिडीज जी-क्लास ही गोष्ट अगदी सहज करते, पण तिच्या किमतीत केळदला बंगला बांधून होईल.

पाण्याचंही थोडं सांगते. किती खोल पाण्यातून न्यायची याची कंपनीची मर्यादा आमच्या गाडीला ६०० मिलिमीटर, गुरखाला ७००. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकायची भानगड आपल्याकडे नाही, कारण गाडी हवा ओढतच नाही. त्यावरून काही जण फुशारतात. पण बॅटरीचं आयपी६७ हे पाण्यापासून बचावाचं मानांकन म्हणजे एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास. ओढ्याचं पाणी स्थिर नसतं आणि गाडी वाहून जायला इंजिन असण्या-नसण्याचा काही संबंध नाही.

टायरवर मात्र पैसे घाला. कंपनीच्या रोड टायरवर एवढा टॉर्क सोडला तर लाल मातीत नुसते खड्डे खणले जातात. ऑल-टेरेन घातले की रेंज थोडी घटते, घटू दे.

रेंजचं म्हणाल तर ६२२ किलोमीटर हा कागदावरचा आकडा मी कधीच विसरलेय. डांबर सुटलं की किलोमीटरमध्ये विचार करणंच सोडायचं, वीजबिलातल्या युनिटमध्ये करायचा. बॅटरी ७५ युनिटची. हायवेला बेताने चालवली तर मला एका युनिटला साडेपाच-सहा किलोमीटर मिळतात. माणसं-सामानासकट अडीच टन धरले आणि सिंहगडासारखा सहाशे मीटरचा चढ चढवला, तर नुसतं वजन वर न्यायला चार युनिट लागतात. त्यातले बरेचसे उतरताना परत मिळतात. दगडांतून रांगताना वेग नसल्याने हवेचा विरोध नसतो, त्यामुळे तिथे खर्च वाटतो त्याहून कमी. खातो तो चिखल, आणि चार तास बंद काचांत चालणारा एसी. एक गोष्ट घाटवाल्यांनी लक्षात ठेवा: महाबळेश्वरला रात्रभर लावून शंभर टक्के भरलीत आणि सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात, तर रिजन, म्हणजे उतारावर मोटरनेच वेग रोखून वीज परत भरणं, जवळजवळ नसतंच, वीज ठेवायला जागा कुठंय? पाय ब्रेकवर हवा. मी तिथे नव्वदच्या आत थांबवते.

आता माझी खरी काळजी. सातारा रस्त्यावर झटपट भरणारे डीसी चार्जर मिळतात, पण वेल्ह्याच्या पुढे भरवसा असतो तो कुणाच्या तरी पडवीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटचा. त्यावर साधारण तीन किलोवॅट, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत तीसएक युनिट. परतीला भरपूर झालं. मिळाले तर.

गेल्या पावसाळ्यात एका घरी मुक्कामाला होतो. पोर्टेबल चार्जर लावला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. काका म्हणाले, "ताई, याच्यावर फ्रिज चालतो की आमचा." चालणारच, फ्रिज अर्थिंग विचारत नाही. गाडी विचारते, आणि नसेल तर एक युनिटसुद्धा घेत नाही. मेन स्विच पाडून मी बोर्ड उघडला. फेज आणि न्यूट्रल व्यवस्थित, आणि तिसऱ्या पिनची हिरवी वायर चार बोटं कापून मागे कोंबलेली. गोठ्यामागे अर्थिंगचा पाइप होता, मीठ-कोळसा भरून रीतसर पुरलेला. तिथपर्यंत वायर मात्र कुणी नेलीच नव्हती.

तेवढ्यात गावातला वायरमन आला आणि म्हणाला, "कशाला एवढं? न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थला मारतो, लगेच चालू होईल." होईलही. चार्जर फसतो. पण पावसाळ्यात न्यूट्रल कुठेतरी तुटला की तोच तुकडा २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर आणतो. अंगणात शेणा-पाण्याचा ओलावा, पोरं अनवाणी, आणि गाडीला हात लावून बघणारं अख्खं घर. हा जुगाड कुणालाही करू देऊ नका, अगदी रात्रभर उपाशी ठेवावी लागली तरी. माझ्याकडे अडीच स्क्वेअर एमएमची हिरवी वायर असते, ती पाइपच्या क्लॅम्पपासून बोर्डापर्यंत ओढली, मीटर लावून बघितलं, मग दिवा हिरवा झाला.

दुसरं, सॉकेट. मिक्सरला दहा मिनिटं १६ अँपिअर देणं आणि गाडीला दहा तास देणं यात फार फरक आहे. अर्ध्या तासाने प्लगवर तळहात ठेवून बघते. चटका बसला तर बंद, आणि करंट कमी करायची सोय असेल तर कमी करून पुन्हा. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की व्होल्टेज १९० वर येतं, म्हणून मी जेवणानंतर लावते. एक्स्टेंशन बोर्ड उघड्यावर नको. आणि सोबत छोटा सबमीटर ठेवा. युनिटमागे वीस रुपये देते मी, हिशेब दाखवून. नाहीतर पुढच्या वेळी कुणी अंगणात उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

वीजच गेली तर? जाते, कधी कधी दोन-दोन दिवस. म्हणून शेवटचं डांबर सोडताना परत हायवेला पोहोचण्याइतके युनिट गाडीत नसतील तर आम्ही पुढे जात नाही. बारा व्होल्टची बॅटरीही अधूनमधून तपासून घ्या. ती मेली की पार्किंग ब्रेक सुटत नाही, आणि चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी ओढत न्यायची नसते, फ्लॅटबेड लागतो. तो केळदच्या त्या वळणावर येत नाही. काही इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच नसते, आणि सह्याद्रीच्या काळ्या दगडाने साइडवॉल कापली की पंक्चर किट कामाचं नाही.

म्हणूनच विनयची गुरखा बरोबर असलेली बरी. तो मात्र सगळ्यांना सांगत असतो की आमच्या गाडीच्या सॉकेटवर त्याचं इंडक्शन चालतं आणि सकाळचा चहा फुकट मिळतो, बाकी त्याला आमच्यात काही रस नाही.