घाटात काटा चढला: कूलंटचा दाब कसा तपासला

सपाट रस्त्यावर गाडीची काहीच कुरकुर नव्हती. घाट लागला, गाडी भरलेली, दुसरा गिअर, आणि वरच्या वळणांवर तापमानाचा काटा सरकू लागला. एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत निघून येते. काटा जरा थबकला. जागा दिसताच गाडी बाजूला घेतली. बोनेट उघडलं तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली काठोकाठ आणि आत गुडगुड.

असा त्रास घाटातच का उघडा पडतो? निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाने साधारण १ बार दाब धरला, तर तेच १२५ च्या पुढे जातं. झाकण गळकं असेल तर हा आधार गेला. त्यात चढाचा ताण, आणि दर ३०० मीटर उंचीला उकळण्याचं तापमान जवळपास १ अंशाने उतरतं.

शंका दोनच होत्या: दाब टिकत नाहीये, की नको तिथून येतोय? गरम झाकणाला हात लावायचा नाही, गरम इंजिनवर गार पाणीही ओतायचं नाही. वरचा होज पाइप (इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी) हाताला गार लागेपर्यंत थांबलो, मग झाकण काढलं. रेडिएटर बराच रिकामा, बाटली मात्र भरलेलीच. इंजिन निवताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जायला हवं. इथे झाकणाच्या बाजूने हवाच आत गेली होती. झाकणाची दोन्ही रबरं कडक होऊन चिरलेली होती. (होज चपटा झालेला दिसला, तर झाकणातला उलटा व्हॉल्व्ह अडकलाय असं समजा.)

सोबतचं कूलंट भरलं आणि काट्यावर नजर ठेवून सावकाश गॅरेज गाठलं. मेकॅनिकला नुसतं झाकण बदलू दिलं नाही. हातपंपाच्या प्रेशर टेस्टरने झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरून पंधरा मिनिटं ठेवायला लावला. टेस्टरचा काटा हलला नाही. तो उतरला असता तर होजचे क्लिप, वॉटर पंपाखालचं छिद्र आणि आतला ओला गालिचा पाहायचे. गालिचा ओला आणि केबिनमध्ये गोडसर वास म्हणजे हीटरचा रेडिएटर गळतोय. बाहेर थेंब नाही आणि दाब तरी उतरतो, तेव्हा हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय घ्या.

गॅस्केट फुटल्याची माझ्या मते सर्वांत बोलकी खूण: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा कडक होतो. कूलंट तापलेलंच नसतं, म्हणजे दाब सिलिंडरमधल्या वायूचा. पेट्रोल गाडीत याची खात्री रेडिएटरच्या तोंडावर धरायच्या निळ्या द्रवाने होते. ते पिवळं झालं तर पुढचा प्रवास रद्द. आमचं निळंच राहिलं. नव्या झाकणावर उरलेला घाट काटा मध्यावर ठेवून पार झाला.

तुम्ही निघणार असाल तर थंड गाडीचं झाकण उघडून रबर नखाने दाबून पाहा. बदलताना आकडा जुन्याइतकाच हवा. जास्त दाबाचं झाकण जुन्या होजवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीवर ताण आणतं.