'फक्त वर्डमध्ये करून द्या' म्हणणाऱ्यांसाठी

"टेक्स्ट फाइल तयारच आहे, आता फक्त वर्डमध्ये करून द्या." यातला 'फक्त' अजून कानात वाजतोय. जुन्या स्मरणिकेची पानं स्कॅन करून ओसीआरनं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं, काढलेला मजकूर होता. अक्षरं बऱ्यापैकी बरोबर, पण छापील पानावर जिथे ओळ संपली तिथे प्रत्येक वेळी एंटर. टाइप जरा मोठा केला की एक ओळ भरलेली, पुढच्या ओळीत दोनच शब्द, असं पानभर.

उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर सेव्ह न करता बंद करा, वर्डमधूनच पुन्हा उघडा आणि एन्कोडिंगच्या खिडकीत यूटीएफ-8 निवडा. हे दोन मिनिटांचं काम.

खरी अडचण एंटरची. कंट्रोल-एचच्या, म्हणजे शोधून बदलण्याच्या, खिडकीत एंटरसाठी ^ आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान पी लिहितात. आपण त्याला टोपी-पी म्हणू. सगळे टोपी-पी एका झटक्यात उडवले तर अख्खी स्मरणिका एकच परिच्छेद होते. म्हणून दोन लागोपाठचे टोपी-पी, म्हणजे खरा परिच्छेद, आधी @@@ करून लपवायचे. मग उरलेल्या एकेका टोपी-पीच्या जागी स्पेस. शेवटी @@@ च्या जागी पुन्हा टोपी-पी.

एवढं सगळे सांगतात. माझं तरीही फसलं, कारण रिकाम्या दिसणाऱ्या ओळी रिकाम्या नव्हत्या. त्यांत एकेक स्पेस दडलेली होती, त्यामुळे दोन टोपी-पी शेजारी येतच नव्हते. कंट्रोल-शिफ्ट-8 दाबलं की स्पेसचे ठिपके दिसतात. तेव्हा सर्वांत आधी 'स्पेस आणि टोपी-पी' शोधून नुसता टोपी-पी ठेवा, आणि बदलांची संख्या शून्य होईपर्यंत तेच करत राहा. मग तीन टोपी-पींचे दोन, तेही शून्यापर्यंत. संख्या एकावर अडून बसली तर फाइलच्या तळाशी रिकाम्या ओळी असतात, त्या हातानं पुसा.

आणि हे त्याच्याही आधी करायला हवं होतं: पानांचे आकडे आणि पानाच्या डोक्यावरचं नाव काढून टाका, नाहीतर '…सभेला ४७ स्मरणिका उपस्थित होते' असली वाक्यं तयार होतात. शीर्षकाच्या वर-खाली रिकामी ओळ नसेल तर घाला, नाहीतर ते मजकुरात विरघळतं. कवितेच्या आणि पत्त्यांच्या ओळींच्या अखेरीस, शेवटची सोडून, ## लावा. सगळं झाल्यावर '## आणि स्पेस' च्या जागी टोपी-एल (^ आणि इंग्रजी लहान एल, म्हणजे त्याच परिच्छेदात नवी ओळ) घातला की ओळी पुन्हा सुट्या होतात. ओळीअखेरचे जोडरेघेचे शब्द मात्र एकेक बघूनच जोडा. 'महा-राष्ट्र' मधली रेघ जाते, 'आई-वडील' मधली राहते.

पुढचं सरळ आहे. शीर्षकावर कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-1 दाबा; त्याला हेडिंग 1 स्टाइल लागते आणि तिच्यावरून वर्डला अनुक्रमणिका आपोआप काढता येते. नुसतं ठळक केलेलं शीर्षक अनुक्रमणिकेत येत नाही. परिच्छेदांमधलं अंतर एंटरनं नको, नॉर्मल स्टाइलमध्ये 6 पॉइंट द्या. स्टाइलचा फाँट बदलताना कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा वेगळा रकाना असतो; देवनागरीचा फाँट आणि आकार तिथे भरा, वरच्या रकान्यात भरून मराठी हलत नाही.

विसर्गाच्या जागी कोलन आहे का तेही बघा: 'दु:ख', 'स्वत:', 'अंत:करण'. दिसायला जवळपास सारखं, पण नीट लिहिलेलं 'दुःख' शोधलं तर सापडत नाही. कोलन सरसकट बदलू नका, 'वेळ:' आणि 'स्थळ:' ही खरी कोलनं असतात. शब्द घेऊन, एकेक बदला.

मूळ टेक्स्ट फाइलची प्रत काढून ठेवली आहे ना?