कोरड्या फरशीवर पडलेली सिस्टर

पहाटे सॅम्पल घ्यायची गडबड सुरू होती आणि वॉर्डातली एक सिस्टर धाडकन पडली. तोल सावरायला तिने उजवा हात टेकला, सगळा भार मनगटावर आला. मनगटाचा वाक बघूनच कोलीज फ्रॅक्चर (मनगटाजवळचं हाड मोडणं) वाटलं, एक्स-रेतही तेच निघालं. आम्ही आधी अंगठी आणि बांगड्या काढल्या, कारण सूज चढली की अंगठी कापावी लागते. हात ओढून सरळ न करता आहे तसाच फळीला बांधला आणि उंच ठेवला. बोटं गरम आहेत ना, अंगठ्याला-तर्जनीला मुंग्या येत नाहीत ना, हेही पाहिलं.

तेवढ्यात मावशी पोछा घेऊन आल्या. "मावशी, थांबा. आधी फरशी बघू दे."

फरशी कोरडी दिसत होती. बेडच्या पायथ्याशी हँडरबची (हाताला चोळायच्या सॅनिटायझरची) बाटली अडकवलेली, तिच्याखाली तळहाताएवढा चकचकीत डाग. हँडरबमधलं अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन फरशीवरच राहतं. पांढरा गॉझ साध्या पाण्यात भिजवून शेजारच्या फरशीवर घासला तर फेस आला, म्हणजे साबणाचाही थर होता. फिनेल-साबण कॅनमधून अंदाजाने ओततात. जास्त ओतलं की स्वच्छता वाढत नाही, निसरडेपणा वाढतो. असा थर सुका असताना कळत नाही, पावसातून आलेल्या ओल्या चपला पडल्या की पाय सटकतो. तिच्या सँडलची टाचही गुळगुळीत झालेली. चालताना टाच आधी टेकते, घसरायला सुरुवात तिथूनच होते.

रजिस्टरमध्ये कुणीतरी "लक्ष नसल्यामुळे पडली" असं लिहून ठेवलं होतं. मला ते अजिबात पटलं नाही. जागा, वेळ, फरशी, पादत्राण अशी नोंद करून घेतली, फोटो काढला. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर अपघाताचा रिपोर्ट 24 तासांत जायला हवा. पडणाऱ्याची चूक होती का, यावर तिथला लाभ अडत नाही. किमान 3 दिवस काम बुडालं तर सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के मिळतात. ही गोष्ट आमच्या कितीतरी मावशी-मामांना माहीतच नसते, याचं फार वाईट वाटतं.

आता बाटल्यांखाली ट्रे आहेत, मापाचा कप बादलीच्या ट्रॉलीलाच दोरीने बांधलाय. साबणानंतर साध्या पाण्याचा हात फिरतो. पॅसेज एका वेळी निम्माच पुसायचा आणि फरशी सुकली की 'ओली फरशी'ची पाटी उचलायची, कायम उभ्या पाटीकडे कुणी बघत नाही.

सिस्टरला प्लास्टर साधारण 6 आठवडे राहील. बोटं, कोपर आणि खांदा मात्र पहिल्या दिवसापासून हलवायला सांगितलेत, नाहीतर खांदा आखडतो.