वाळूजच्या शेडमध्ये टायटॅनियमची भिंत

लोखंडाच्या तारेने थरावर थर चढवून जॉब उभा करणं आमच्या हातात बसलं होतं. वाळूज एमआयडीसीतली पत्र्याची शेड, जुन्या मिलिंग मशिनवर बसवलेली टिग टॉर्च (विजेच्या आर्कने, म्हणजे अखंड ठिणगीने धातू वितळवणारी वेल्डिंगची टॉर्च) आणि बाजूने येणारी तार, एवढाच थाट. लोखंडावर पापुद्रा धरला की ब्रश मारायचा आणि पुढचा थर टाकायचा. मग एका ग्राहकाने ग्रेड ५ टायटॅनियमचा (ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू) ब्रॅकेट मागितला आणि ब्रशने भागण्याचे दिवस संपले.

टायटॅनियम साधारण ४०० अंशांच्या वर गेलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत मुरवून घेतं, आणि ठिसूळ होतं. ग्रेड ५मध्ये ऑक्सिजन जास्तीत जास्त ०.२० टक्के चालतो. त्यात हा धातू निवतोही सावकाश. टॉर्चच्या तोंडाशी असलेल्या कपातून हवा दूर ठेवायला आर्गॉन वायू येतो, पण तो वितळलेल्या जागेपुरता. टॉर्च पुढे सरकली की मागची लाल पट्टी उघडी पडते. म्हणून टॉर्चमागे ट्रेलिंग शील्ड लावली: स्टेनलेसच्या पत्र्याचं उपडं खोकं, आत भोकं पाडलेली नळी, तोंडाला बारीक जाळी. गॅस पाटाच्या पाण्यासारखा नको, ठिबकसारखा हवा.

सपाट प्लेटवर बीड, म्हणजे वेल्डचा पट्टा, चंदेरी आला. फिकट सोनेरी असता तरी चाललं असतं. निळा-जांभळा दिसला की शंका घ्यायची, आणि पांढरट भुकटी धरली तर तेवढा भाग कापूनच टाकायचा.

भिंत चार बोटं उंच झाली आणि कडा निळ्या पडायला लागल्या. परभणीकडचा आमचा ऑपरेटर म्हणाला, "गॅस लई सोडायलोत सर, तरी निळं पडायलंय." फ्लो आणखी वाढवून पाहिला, तर निळं वाढलं. आर्गॉन हवेपेक्षा जड; प्लेटवर तो पसरून बसतो, पण पातळ भिंतीच्या दोन्ही अंगांनी खाली ओघळून जातो. आणि फार जोरात सोडला की खळाळतो, शेजारची हवाच आत ओढतो. वर मे महिना, शेडमध्ये कूलर घोंघावतोय. कूलर बंद करा म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पगारच कापलाय.

खरी धास्ती वेगळीच होती. निळ्या थरावर पुढचा थर चढला की तो रंग वितळून नाहीसा होतो. त्यातला ऑक्सिजन मात्र धातूतच राहतो. वरचा थर चकाकतोय म्हणून खालचे चांगले, असं धरताच येत नाही. म्हणून प्रत्येक थर झाला की थांबून कडा बघायच्या, हा नियम केला. ऑपरेटर कंटाळला, पण नियम टिकला.

शेवटी अख्खा जॉबच तंबूत घ्यायचा ठरला. कुणीतरी शेततळ्याचा कागद सुचवला. तो काळा, आतलं दिसणार कसं? जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं, सांध्यांना टेप मारला आणि साधारण एक घनमीटरचा तंबू उभा केला. आर्गॉन खालून भरायचा, हवा वरच्या भोकातून बाहेर ढकलायची. ७ घनमीटरचा एक सिलिंडर जवळपास नुसता हवा घालवण्यातच जातो, तिथे हिशेबनीस कुरकुरला. ऑक्सिजन मीटर दशलक्षात १०० भागांच्या खाली आल्याशिवाय आर्क लावायचा नाही. रबरी पाइपही बदलले, कारण त्यांच्यातून दमट हवा झिरपते आणि दमटपणाबरोबर हायड्रोजन येतो.

जॉब झाला तरी तो पुरता निवेपर्यंत गॅस चालू ठेवायचा. मग शटर उघडायचं, पंखा लावायचा, तंबू सोडायचा आणि त्यानंतरच डोकं आत घालायचं. आर्गॉनला वास नाही, आणि गुदमरतोय हे कळायच्या आत माणूस पडतो. इथे घाई करणाऱ्याला मी सरळ बाहेर काढतो.

पहिला ब्रॅकेट आम्ही कापूनच पाहिला. ऑक्सिजन मुरला की धातू कडक होतो; इथे कडेचा आणि मधला कडकपणा जवळपास सारखा निघाला. दुसरा ग्राहकाला पाठवला, त्याने तो पास केला आणि लगेच पुढच्या जॉबचं ड्रॉइंग धाडलं. तो आमच्या तंबूपेक्षा उंच आहे.