पावाच्या बदल्यात अक्षरं

आज लेकीला बाराखडी गिरवायला बसवलं, तर तिचं रडगाणं सुरू. मग तिला फ्रेडरिक डग्लसची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या मेरीलँडचा गुलाम पोरगा. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने मुळाक्षरं शिकवली, मालकाने ती शिकवणी बंद पाडली. मग हा पठ्ठ्या खिशात पाव घेऊन निघायचा, रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो द्यायचा आणि बदल्यात वाचायला शिकायचा!

१८३८ मध्ये खलाशाच्या वेशात, उसन्या कागदपत्रांवर रेल्वेने पळाला. पुढे गुलामगिरीविरुद्ध गावोगाव भाषणं केली. तरी कायद्याने मोकळा व्हायला १८४६ उजाडलं. ब्रिटनमधल्या मित्रांनी मालकाला पैसे मोजले तेव्हा. माणसाची पावती, विचार करा.

लेकीचा प्रश्न एकच, "पावाला बटर होतं का?"

'क' अजून वहीत उतरायचाच आहे.