फट बुजवायची घाई

इंदूरच्या सिरपूर तलावाच्या काठी उलटी ठेवलेली जुनी लाकडी होडी. सांध्यांत रुपयाचं नाणं सरकेल एवढ्या फटी. बघणारा एक जण सहज बोलून गेला, ‘भिया, पुट्टी भरा, रंग मारा, की म्युझियमला तयार!’

तेच सकाळपासून डोक्यात घोळतंय.

लाकूड सुकलं की फळी रुंदीत आकसते, लांबीत जवळपास नाहीच. फट म्हणजे फुगण्यासाठीची जागा. तिथे दगडासारखी पुट्टी बसली, तर पावसाळी हवेत फुगलेली फळी जाणार कुठे? खिळेच उपटते, नाहीतर चिरते. म्हणून तर सांध्यात सुताचा पिळा ठोकून वर राळ-तेल लावायचे: दबणारं, पुन्हा काढता येणारं. (रंग तर सगळ्यात शेवटी. आणि म्युझियममध्ये कशाला?)

सिरपूर आणि इंदूरजवळचाच यशवंतसागर तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आले. पक्ष्यांच्या नोंदी होतात. इथल्या होड्यांची मापं कोणी घेतलीयत का?